काढून पाहा

कपाळाला बुक्का लावून झाला होता, टाळांची पिशवी खांद्याला अडकवली होती, पायात चपला सरकवायच्या तेवढ्या बाकी होत्या. आणि उज्ज्वलाताईंना टाकीत रक्त दिसलं.

माशाचं रक्त पाण्यात फार वेळ टिकत नाही. उदबत्तीच्या धुरासारखी एक रेघ उठते, फिल्टर ती ओढून घेतो आणि पाणी पुन्हा निर्मळ, जणू काही घडलंच नाही. पण खाली वाळूवर एक सिल्व्हर डॉलर मासा आडवा पडला होता. एका बाजूचा डोळा आणि गाल नाहीसा झालेला, तरी त्याचे कल्ले हलत होते. बाकीचे मासे त्याला वळसा घालून आपापल्या कामाला चालले होते.

उज्ज्वलाताईंनी पिशवी खाली ठेवली. जाळीत त्याला अलगद उचललं, वाडग्यात पाणी घेऊन लवंगतेलाचे थेंब टाकले आणि त्यात सोडलं. लवंगतेलानं मासा झोपतो आणि झोपेतच जातो. त्याचे कल्ले थांबेपर्यंत त्या वाडग्यापाशी उभ्या राहून नाम घेत होत्या. कीर्तनाचं नमन त्या दिवशी त्यांच्या हातून चुकलं.

मिरजेत पाचव्या मजल्यावरच्या त्यांच्या हॉलमध्ये ही भिंतभर लांब टाकी नवरा गेल्यानंतर आली. घर सुनं वाटू नये म्हणून आणलेल्या टाकीत आता मुडदे पडत होते. डोक्यावर टेंगूळ मिरवणारा लाल फ्लॉवरहॉर्न, ऑस्करची जोडी, सिल्व्हर डॉलरचा थवा, काच चाटत फिरणारा सकर, आणि हीटरच्या मागे कोपऱ्यात लटकलेला, अंगावर मोत्यांसारखे ठिपके असलेला राखाडी टेक्सास.

"त्या लाल्याचंच काम," त्यांनी दुसऱ्या दिवशी मुनीरला सांगितलं. लक्ष्मी मार्केटमागे त्याचं माशांचं दुकान. उज्ज्वलाताईंच्या टाकीतला प्रत्येक जीव त्याच्याच हातचा.

"पाहिलंत मारताना?"

"पाहायला कशाला पाहिजे? दिवसभर सगळ्यांच्या अंगावर धावून जातो."

"धावून जाणारा मारतोच असं नाही, ताई. आमच्या गल्लीतच बघा की." मुनीरनं काखेतल्या खोक्यातून ट्यूबलाइटसारखी एक पट्टी काढली आणि टाकीच्या वरच्या कडेला बसवली. तिला काही बारीक डोळे होते आणि पाण्यात सोडायचा एक कान. "नवीन आलीय. जलसाक्षी. आठ दिवस ठेवा, आवडली तर बघू."

आता हे यंत्र काय करतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

मासा हल्ल्याआधी कल्ल्यांची झाकणं फुगवतो, पाठीवरचा पर उभा करतो, अंगावरचे पट्टे गडद करतो. यंत्र बनवणाऱ्यांनी आधी हीच लक्षणं त्याला शिकवली, आणि ते सपशेल फसले. कारण घरच्या टाकीत दहा मुलखांचे मासे एकत्र नांदायला ठेवलेले असतात. ज्यांचे पूर्वज कधी एका नदीत राहिले नाहीत, त्यांना एकमेकांची भाषा कुठून कळणार? एकाची शरणागती दुसऱ्याला आव्हान वाटते. मग त्या लोकांनी माशाचं अंग पाहणंच सोडलं. यंत्राला नुसते ठिपके दाखवले. कोणता ठिपका कोणाच्या वाटेत येतो, कोण कोणाला वाट देतो, किती अंतरावरून देतो, किती उशिरा देतो. असंख्य टाक्यांतल्या झुंजी अशा ठिपक्यांतून पाहिल्यावर यंत्राला एक गोष्ट उमगली. धमकी जातीजातीची निराळी असते, पण खुनाची चाल सगळ्यांची एकच. मारणारा आधी वाट देणं थांबवतो. मग धमकावणं थांबवतो. मग हलणंच थांबवतो.

मुनीरनं उज्ज्वलाताईंच्या फोनवर ते ठिपके दाखवले. दर दोन ठिपक्यांमध्ये एक धागा. हिरवा असेल तर सलोखा, पिवळा असेल तर कुरबुर, लाल असेल तर घात. फ्लॉवरहॉर्नचे सगळे धागे पिवळे होते. लाल धागा एकच होता, आणि तो हीटरमागच्या कोपऱ्यातून निघाला होता.

"टेक्सास?" उज्ज्वलाताई हसल्या. "अरे, तो बिचारा कोणाच्या अध्यात ना मध्यात."

"तेच म्हणतोय मी. तो हलतच नाहीये."

ते बोलत असतानाच टेक्सास हलला. कोपऱ्यातून सरळ रेषेत निघाला आणि ऑस्करच्या मादीचं पोट त्यानं एका झटक्यात उघडलं. तिचं आतडं दोऱ्यासारखं पाण्यात तरंगू लागलं. नर ऑस्कर त्या दोऱ्याकडे खाऊ समजून धावला. उज्ज्वलाताईंनी पदर तोंडाशी धरला.

मुनीरनं टेक्सासला बादलीत घेतलं. जाता जाता त्यानं आणखी दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे फोनवरचं बटण, 'काढून पाहा'. कोणत्याही ठिपक्यावर बोट ठेवून ते दाबलं, की तो मासा टाकीत नसता तर बाकीच्यांचे धागे कोणत्या रंगाचे झाले असते ते यंत्र दाखवायचं. दुसरी गोष्ट यंत्राची नव्हती, जुन्या मासेवाल्यांची रीत होती. दांडगटाला थोडे दिवस वेगळ्या बादलीत ठेवायचं, तेवढ्यात टाकीतले दगड, ओंडके, झाडं सगळं हलवायचं आणि मग त्याला परत सोडायचं. त्याची जागाच उरलेली नसते. तो पाहुण्यासारखा बिचकत येतो आणि गप राहतो.

उज्ज्वलाताईंनी लाल फ्लॉवरहॉर्नवर हा प्रयोग केला. परत आलेला लाल्या दोन दिवस फिल्टरखाली दबून होता. त्यानंतरही त्यानं कोणाला हात, म्हणजे तोंड, लावलं नाही. त्यांना फार समाधान वाटलं. कीर्तनातही त्या दिवशी टाळ वेगळाच वाजला.

*

काचेच्या अलीकडचेही ठिपके यंत्र मोजतंय, हे त्यांच्या लक्षात आलं ते एका जेवणाच्या वेळी. फोनवर टाकीच्या चौकटीबाहेर चार ठिपके होते. ताटं मांडायला त्या उठल्या तसा एक ठिपका हलला.

"यंत्राला ठिपका तो ठिपका, ताई," मुनीर फोनवर म्हणाला. "माणूस काय नि मासा काय. ते बंद करायचं कंपनीकडून राहून गेलंय. दुर्लक्ष करा."

दुर्लक्ष कसं करणार? चार ठिपके म्हणजे त्या स्वतः, थोरला शार्दूल, त्याची बायको ऋचा आणि धाकटा निनाद. शार्दूल आणि निनाद यांच्यामध्ये धागा होता आणि तो निनादच्या टोकाकडून लाल होत चालला होता.

शार्दूल सौरपॅनेलांच्या देखभालीच्या टोळीचा मुकादम. दिवसभर उन्हात ओरडून ओरडून त्याचा आवाजच तसा झालेला. घरात आला की भांडी थरथरायची. निनाद घरीच बसून नकाशांचं काम करी. बोलणं बेताचं, पाऊल न वाजवता फिरणं, आईच्या गुडघ्याला रोज तेल लावून देणं. भांडणाला कारण काहीही पुरे. आईला कीर्तनाला जीपमधून न्यायचं की स्कूटरवरून. आमटी की कढी. उज्ज्वलाताई आमटीही करायच्या आणि कढीही करायच्या. थोरला भावाच्या तक्रारी घेऊन स्वयंपाकघरात आला की त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायच्या, "जाऊ दे रे, माझा खरा आधार तूच." धाकटा आला की त्यालाही तेच म्हणायच्या. खोटं म्हणत नव्हत्या. दोन्ही वेळा ते त्यांना मनापासून वाटायचं.

त्या आठवड्यात शार्दूलनं दार आपटलं आणि त्यात निनादची बोटं सापडली. बिजागरीच्या फटीत. हाड मोडल्याचा आवाज हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकला. दार उघडलं तेव्हा दोन नखं चौकटीला चिकटून राहिली होती.

"मला काय माहीत तू तिथं हात घालून उभा आहेस," शार्दूल म्हणाला, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

निनाद काही बोलला नाही. रडला नाही. भावाच्या तोंडाकडे बघत राहिला, इतका वेळ की शेवटी ऋचानंच त्याचा हात धरून नळाखाली नेला. संध्याकाळी त्याच हाताला फडकं गुंडाळून, एका हातानं स्कूटर चालवत, त्यानं आईला कीर्तनाला पोचवलं.

"दुखत नाही का रे?"

"नाही, आई."

फोनवरचा धागा त्या रात्री बोटातल्या रक्तासारखा दिसत होता. उज्ज्वलाताईंनी 'काढून पाहा' दाबलं. शार्दूलला काढलं, धागा नाहीसा. निनादला काढलं, धागा नाहीसा. ऋचाला काढलं, काही फरक नाही. त्यांना यंत्राचा रागच आला. दोघांतला एक काढला की भांडण मिटतं, हे सांगायला यंत्र कशाला हवं? त्यांना दोन्ही लेक एका छपराखाली हवे होते. जिवंत, धडधाकट आणि एका पंगतीत. एवढंच मागणं त्या रोज देवापुढे मांडायच्या.

शिवाय यंत्र म्हणतंय निनाद, यावर त्यांचा विश्वास बसेना. माशांचं ठीक आहे. पण निनाद अंगावरचा डासही फुंकर मारून उडवायचा. दांडगट कोण ते घरादाराला दिसत होतं. आणि दांडगटाचं काय करायचं ते त्यांना आता येत होतं.

शार्दूलच्या साहेबांना त्यांनी स्वतः फोन केला. जतच्या माळावर नवं सौरशेत उभं राहत होतं, तिथं पावसाळ्यापर्यंत मुकादम हवाच होता.

"म्हणजे मला घरातून काढतेस," शार्दूल म्हणाला.

"काढत कशाला? थोडे दिवस. तेवढाच हवापालट."

"हवापालट माणसांना असतो, आई," कपडे भरता भरता ऋचा म्हणाली. "हे टाकीतलं चाललंय. आम्हाला बादलीतून न्याल की जाळीतून?"

"तुला सगळ्याची थट्टाच सुचते."

"थट्टा नाही करत. लाल्याला हलवलंत तेव्हा बघत होते ना मी."

जीप गेली आणि उज्ज्वलाताईंनी घर हलवायला घेतलं. कपाटं सरकवली, दिवाणाची दिशा बदलली, जेवणाचं टेबल खिडकीशी नेलं. रस्त्याकडची मोठी खोली शार्दूलची होती, ती निनादला दिली. शार्दूलची गादी मागच्या लहान खोलीत टाकली. इथंच चूक झाली, आणि चूक मासेवाल्याची नव्हती, आईची होती. दगड हलवायचे ते सगळ्यांचेच हलवायचे असतात. टाकीत त्या दिवशी प्रत्येक मासा बेघर होतो, म्हणून सगळे नव्यानं जुळवून घेतात. कोणाची गुहा काढून कोणाला बक्षीस द्यायची नसते. पण बोटं मोडलेल्या लेकराला उज्ज्वलाताईंना काहीतरी द्यावंसं वाटलं.

"ही आता माझी?" निनादनं विचारलं.

"तुझीच," त्या म्हणाल्या.

*

शार्दूल परतला तो हसत. जतची डाळिंबं आणली होती, आईसाठी घोंगडी आणली होती. रंग रापला होता, आवाज खरंच खाली आला होता. मुनीरची रीत लागू पडली, असं उज्ज्वलाताईंना वाटलं, ते चहा होईपर्यंत.

"माझ्या खोलीत कोण झोपतंय?"

"अरे, फक्त अदलाबदल केलीय."

"मला न विचारता?" तो अजून हसतच होता. त्यानं रस्त्याकडच्या खोलीचं दार ढकललं. "निन्या, ऊठ. तुझा पसारा घे आणि मागं जा."

निनाद उठला नाही. पलंगावर बसून राहिला. मोडलेली बोटं वाकडी जुळली होती, तो हात मांडीवर होता. दुसरा हात उशीखाली.

"ऐकू येत नाही का?" शार्दूलनं पलंगाची कड धरून उचलली.

टाकीच्या खालच्या कपाटातला लोखंडी पाना, फिल्टरचे पाइप आवळायचा, निनादनं केव्हा काढून ठेवला होता कोण जाणे. त्यानं ओरडून शिवी दिली नाही की धमकी दिली नाही. पहिला घाव गुडघ्यावर बसला. शार्दूल वाकला, तसा दुसरा तोंडावर. दात पडले, ते फरशीवर वाटाण्यांसारखे घरंगळले. शार्दूल अंगानं दुप्पट. त्यानं पडता पडता निनादची कंबर धरली आणि त्याला दाराच्या चौकटीवर आदळलं. दोघं हॉलमध्ये आले ते एकमेकांत गुंतून. शार्दूलचा अंगठा निनादच्या गळ्यात रुतला होता, निनादचा चेहरा जांभळा होत होता, आणि तरी त्याचा पाना वर जात होता, खाली येत होता. एक घाव डोळ्यावर बसला. त्याचा आवाज ओल्या फडक्यासारखा आला.

उज्ज्वलाताई मध्ये पडल्या. पान्याचा पुढचा घाव त्यांच्या कोपराखाली बसला आणि हात भलत्याच जागी वाकला.

ऋचा किंचाळली नाही. तिनं उकळत्या चहाचं पातेलं उचललं आणि दोघांच्या पाठीवर ओतलं. तेव्हा कुठे ते सुटले.

शार्दूलचा डावा डोळा गेला. निनादच्या गळ्याचं हाड चिरलं, आवाज घोगरा झाला तो कायमचा. पोलिसांना शार्दूलनं सांगितलं, पॅनेल डोक्यावर पडलं. निनादनं सांगितलं, जिन्यावरून घसरलो. हवालदारानं दोघांच्या पाठीवरची एकसारखी भाजलेली कातडी पाहिली आणि कागद मिटला.

*

उज्ज्वलाताईंचा हात दोन ठिकाणी मोडला होता. दवाखान्यात यंत्रावर हाताच्या मापानं छापलेलं प्लास्टर चढलं, सळई घालावी लागली, म्हणून मुक्काम वाढला. पोरांना आधी घरी सोडलं. या दोघांना आता एकत्र ठेवू नका, असं त्या डॉक्टरांना, नर्सला, ऋचाला, ज्याला त्याला सांगत होत्या. पण दोघंही घरीच गेले. दुसरीकडे जाणार कुठे?

त्या खाटेवर पडून फोन उघडायच्या. पहिल्या दिवशी धागा लाल होता. दुसऱ्या दिवशी पिवळा. मग त्यांनी जे पाहिलं त्यानं त्या उठूनच बसल्या. यंत्राचे डोळे हॉलही दाखवायचे. एका डोळ्याला पट्टी बांधलेला शार्दूल फरशीवर बसला होता. समोर निनाद. एकाला चावता येत नव्हतं, दुसऱ्याला गिळता, म्हणून ऋचानं मऊ भात केला होता, आणि एकाच पातेल्यातून दोघं चमच्यानं खात होते. निनाद घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हणाला. शार्दूल हसला आणि दुखलं म्हणून जबडा धरला. धागा हिरवा होता.

उज्ज्वलाताईंच्या डोळ्यांना धार लागली. पश्चात्ताप झाला लेकरांना. देवानं ऐकलं. बाजूच्या खाटेवरच्या बाईलाही त्यांनी फोन दाखवला.

घरी आल्या तेव्हा दार शार्दूलनंच उघडलं. "ये आई. इथं बस, ऊन लागणार नाही."

"तिथं वारा येतो," निनाद उठून म्हणाला. "आई, इकडे."

"तिला मी बसवतोय ना?"

"मी फक्त सांगतोय."

"तू सांगू नकोस."

पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. उज्ज्वलाताई उंबऱ्यात उभ्या आणि दोन्ही लेकांचे हात त्यांच्या दिशेनं पुढे झालेले. मग निनादचा हात हळूच खाली आला. तो बोलायचा थांबला. आणि आज पहिल्यांदाच शार्दूलही बोलायचा थांबला. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले, एकानं एका डोळ्यानं, न हलता.

त्यांनी फोन पाहिला नाही. पाहायची गरज नव्हती.

"मला देवापाशी बसायचंय," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं. देव्हाऱ्यापुढे बसून, चांगल्या हातानं, त्यांनी उरलेल्या चौथ्या, स्वतःच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. हा ठिपका त्यांनी आजवर कधी निवडलाच नव्हता. टाकी सांभाळणारा स्वतःला टाकीतला धरत नाही. त्यांनी बटण दाबलं.

धागे हिरवे झाले. सगळे. शार्दूल आणि निनाद, निनाद आणि ऋचा, ऋचा आणि शार्दूल. कोवळ्या पोपटी रंगाचं एक जाळं.

त्यांनी यंत्राला मागचे दिवस दाखवायला सांगितलं. त्या कीर्तनाला गेलेल्या प्रत्येक संध्याकाळी घर हिरवं होतं. दोघं भाऊ मॅच बघत, कांदा कापत, एकमेकांना शिव्या देत मजेत असायचे. जिन्यात टाळांची पिशवी खुळखुळली की धागा पिवळा व्हायचा.

ऋचा चहा घेऊन आली. दार आपल्या मागे लावलं.

"तुला माहीत होतं?" उज्ज्वलाताईंनी फोन तिच्यापुढे धरला.

ऋचानं फोन हातात घेऊन पाहिला. "रंग माहीत नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनाही सांगता ना, तूच माझा आधार. दोघांनाही ते खरं वाटतं, आई. मग दुसरा खोटा ठरल्याशिवाय कसं भागणार?"

"मी वेगळी राहिले तर?"

"गावात राहिलात तर रोज दोघं दारात. आधी कोण पोचतो यावरून जिन्यातच एक मरेल." तिनं कप खाली ठेवला. "मी तुम्हाला जा म्हणत नाहीये."

"नाही ग. तू कशाला म्हणशील," उज्ज्वलाताई म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. त्यात साखर कमी होती की त्यांना लागली नाही, ते कळलं नाही.

*

गावोगाव कीर्तनं करणाऱ्या केरबाबुवांच्या मेळ्यात त्या सामील झाल्या. आटपाडीला सप्ताह होता, नंतर तिथल्याच मठात राहायचं ठरलं. ऋचाला फक्त ठावठिकाणा सांगितला, तोही कोणाला न सांगण्याच्या बोलीवर. मोडका हात नीट जुळला नव्हता, टाळ धरला की कळ यायची. तरी त्या धरायच्या. बुवांचा आवाज चढला, मृदंगावर थाप पडली, की कळ कुठल्या कुठे जायची. माणसाला जगायला एवढं पुरतं, असं त्यांना वाटू लागलं होतं.

पण कीर्तन आता सगळ्यांच्या फोनवर थेट दिसतं. पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी टाळकऱ्यांच्या रांगेत त्यांना ओळखलं आणि पोरांना कळवलं.

काल्याच्या दिवशी मांडव माणसांनी भरला होता. बुवा निरूपणात रंगले होते. उज्ज्वलाताईंची नजर वर गेली आणि दक्षिणेच्या कमानीत शार्दूल दिसला, डोळ्यावर काळी पट्टी. त्यांचे हात थांबले. मग उत्तरेच्या कमानीत निनाद दिसला. दोघांनी एकमेकांना अजून पाहिलं नव्हतं. दोघंही त्यांच्याकडेच बघत गर्दी सारत येत होते. निनादचा उजवा हात खिशात होता.

दोघं मेळ्यापाशी एकदमच पोचले आणि तेव्हा एकमेकांना दिसले. दोघंही थांबले. न बोलता. न हलता.

बुवांनी हात वर करून मृदंग थांबवला. "माई, ही कोण मंडळी? तुमची मुलं का?"

कीर्तनाच्या रंगणात उभं राहून खोटं बोलायचं नसतं, हे उज्ज्वलाताईंच्या अंगात भिनलेलं होतं. तिथं देव उभा असतो असं त्या मानायच्या. आजही मानत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला मुलं नाहीत."

"आई," शार्दूल म्हणाला.

"आई म्हणू नकोस. तुझ्या थोबाडाकडे बघवत नाही मला. अर्धा आंधळा, अर्धा बैल. जन्मलास तेव्हाच दाईला म्हटलं होतं, हे ध्यान माझं नाही." त्यांचा आवाज मांडवाच्या शेवटच्या टोकापर्यंत जात होता. निनादच्या तोंडावर काहीतरी उजळलं, ते त्यांनी पाहिलं आणि त्या त्याच्याकडे वळल्या. "आणि तू रे? गुडघ्याला तेल लावायचास. शिसारी यायची मला तुझ्या हातांची. चोरपावलानं फिरणारा भेकड. पाठीमागून मारणारा. तुमच्यापायी माझा जन्म नासला. दोघांपायी. तुमच्यापासून सुटायला मी इथं आले आणि तुम्ही इथंही आलात."

निनादचा हात खिशातून बाहेर आला, रिकामा. त्याचे ओठ लहानपणी ताप चढला की थरथरायचे तसे थरथरत होते. उज्ज्वलाताईंना वाटलं, आता आपल्याच्यानं होणार नाही. म्हणून त्यांनी मेळ्याच्या कडेला काढून ठेवलेली आपली वहाण उचलली आणि त्याच्या तोंडावर फेकली. दुसरी शार्दूलच्या छातीवर.

"चालते व्हा."

शार्दूल पुढे झाला तो आईकडे नाही. तो भावापाशी गेला. वहाणेचा वळ निनादच्या गालावर उठला होता. "चल," तो म्हणाला. "चल निन्या, इथं नको." निनाद जागचा हलेना, तेव्हा त्यानं त्याच्या वाकड्या बोटांचा हात धरला आणि लोकांमधून त्याला बाहेर नेलं. डाव्या बाजूचा खांब शार्दूलला दिसला नाही. निनादनं खांद्याला धरून त्याला बाजूला घेतलं.

मांडवाबाहेर बिनचालकाच्या रिक्षा उभ्या होत्या. पहिलीचं दार उघडलं आणि तिच्या आवाजानं नेहमीसारखं विचारलं, किती जण. उज्ज्वलाताईंना तिथून ऐकू आलं नाही. त्यांना एवढंच दिसलं, की शार्दूल आधी आत वाकला, मग त्यानं सरकून जागा केली.

बुवा त्यांच्याकडे बघत होते. लोकही बघत होते. उज्ज्वलाताईंनी अनवाणी पाय जुळवले आणि मोडक्या हातानं टाळ उचलले. पहिला ठोका चुकला. दुसरा नीट बसला.